माणसाची जात कोणती? (एक गुण)

आमच्या भागात अनोळखी माणसाला नाव विचारत नाहीत. नाव घरच्यांनी हाका मारायला ठेवलेलं असतं, परक्याला त्याचं काय करायचं? विचारायचं ते एवढंच, ‘कोनाचा गा तू?’ बाई असली तर, ‘कोनाच्या व बाई तुमी?’ शेलूबाजारहून मंगरूळपीरच्या जीपमध्ये बसा. शेजारची बाई तुमच्या पिशवीतल्या मेथीचा भाव विचारील, तुमच्या टाचांच्या भेगांवर औषध सांगेल, पण तुमचं नाव विचारणार नाही. तिला तुमचा बाप हवा असतो. बाप कळला की आडनाव, आडनावावरून गाव, आणि गावात घर कोणत्या टोकाला, हे तिचं तिला समजतं. मग ती एकतर मांडी पसरून ऐसपैस बसते, नाहीतर पदर आवरून अंग चोरते. जीप तीच, सीट तीच आणि भाडंही दोघींना सारखंच.

या प्रश्नाला मी नाना तऱ्हेची उत्तरं देऊन पाहिली आहेत. तरुणपणी ‘माह्या बापाची’ म्हणायचे. चाळिशी उलटल्यावर ‘माह्या नवऱ्याले इचारा, त्याले पक्कं मालूम हाय’ असं सांगू लागले. एकदा ‘सरकारची’ म्हणाले, तर ती बाई मंगरूळपीर येईपर्यंत मला घरकुलाच्या यादीत नाव कसं लावतात ते विचारत राहिली.

हा खोडकरपणा वडिलांकडून आला. माझे आजोबा बौद्ध झाले ते पहिल्याच लाटेत. वडील मंगरूळपीरला सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांनी आम्हा भावंडांना एक धडा पाठ करून घेतला होता. जात विचारली तर धर्म सांगायचा. धर्म विचारला तर काम सांगायचं. आणि काम विचारलं तर उलट विचारायचं, ‘बोला, तुमचं काय काम आहे?’ आजोबांनी जात सोडली होती, पण वडिलांच्या कचेरीत दाखला काढायला गेलं की ती खिडकीच्या आत आमची वाट पाहत बसलेली असायची.

तर अशा घरातली मुलगी जीवशास्त्र शिकली आणि माध्यमिक शाळेत विज्ञानाची मॅडम झाली. शाळा आसेगावकडच्या एका खेड्यात आहे. शाळेचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही लगेच विचाराल, ‘कोनाची?’

मी तासिकेवर होते. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. घंटा झाली की मी शिक्षक, पुढची घंटा झाली की मी कोणीच नाही. हजेरीपटावर सगळ्यांच्या खाली, स्नेहसंमेलनात सगळ्यांच्या पुढे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठेच नाही. केस पांढरे व्हायला लागले तरी मी तासिकेवरच. पण त्या वर्षी आमचे विज्ञानाचे जुने सर निवृत्त होणार होते. त्यांची जागा पक्की, पगारी. ती कोणाला द्यायची हे संस्थेचे अध्यक्ष ठरवणार होते. मुख्याध्यापक मला दोनतीनदा म्हणाले होते, ‘मॅडम, यंदा तुमचं होऊन जाते. फक्त जून येऊ द्या.’

ती जागा मला हवी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी हसताना दिसले तरी तुमची फसगत होणार नाही.

आठवीला सजीवांचं वर्गीकरण असतं. पुस्तकात एक उतरंड दिलेली आहे. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि सर्वांत खाली जाती. जुने सर ती फळ्यावर लिहायचे आणि पोरं वहीत उतरवायची. मला असलं मेलेलं शिकवता येत नाही. मी अख्खा वर्ग बाहेर काढला आणि गच्चीवर जाणाऱ्या जिन्यावर उभा केला. प्रत्येकाला काहीतरी व्हायला लावलं. कोणी बाभूळ, कोणी टोळ, कोणी बेडूक, कोंबडी, बकरी, वानर. नियम सोपा. सगळ्यांनी वरून सुरुवात करायची, एकेक पायरी खाली यायचं, आणि जो पुढच्या पायरीत बसत नाही त्याने कठड्याला टेकून गप्प उभं राहायचं.

पहिली पायरी सृष्टी. ‘प्राणी तेवढे या,’ मी म्हणाले. बाभूळ आणि तूर नाराज होऊन कठड्याला लागल्या. मग संघ. पाठीच्या कण्याशिवाय पुढे प्रवेश नाही. टोळ झालेला पोरगा म्हणाला, ‘मॅडम, मले पयलेच बाद केलं, म्या दुसरं काई होतो ना.’ पुढची पायरी वर्ग.

‘वर्ग म्हंजे आठवी ब?’ बेडकाने विचारलं.

‘वर्ग म्हंजे वर्ग दोनची जमीन,’ कोंबडी म्हणाली. तिच्या बापाचा तहसिलात तोच झगडा चालू होता.

अंगावर दूध पिणारे ते सस्तन, ते राहतील, असं सांगून मी बेडूक आणि कोंबडी दोघांनाही बाहेर काढलं. मग आला गण. ‘मॅडम, आमचा गण महिलेले सुटला,’ एकजण गंभीरपणे म्हणाला. पंचायत समितीच्या निवडणुका जवळ आल्या होत्या. त्या पायरीवर बकरी गेली. कुलाच्या पायरीवर वानर गेलं, जाताना अंग खाजवून टाळ्या घेऊन गेलं. प्रजातीच्या पायरीवर माणसाचे जुने, नामशेष झालेले भाऊबंद बनलेली पोरं गळाली. आणि सर्वांत खालच्या पायरीवर एक मुलगी उरली. माणूस.

ही मुलगी मी मुद्दामच निवडली होती. पहिल्या बाकावरची, दोन घट्ट वेण्यांची, प्रश्न विचारताना हात वर करून तो दुसऱ्या हाताने धरून ठेवणारी, जणू सोडला तर उडून जाईल.

‘ही पायरी कोणती?’ मी विचारलं.

‘जाती,’ सगळे ओरडले.

टोळाचा हात वर झाला. बाद झाल्यापासून तो कठड्यावर विचार करत असणार. ‘मॅडम, म्हंजे जात सर्वात खालची पायरी हाय?’

‘हो.’

‘मंग सर्वात खालची जात कोन्ती?’

काहींनी माझ्याकडे पाहिलं, काहींनी मुद्दाम पाहिलं नाही. चौदाव्या वर्षी पोरांना साखरेचं रासायनिक सूत्र येत नसतं, पण मॅडम गावाच्या कोणत्या टोकाच्या, हे पक्कं येत असतं.

‘इथे खालचं-वरचं नाही,’ मी म्हणाले. ‘इथे जितकं खाली उतरू तितकं नातं जवळचं. ज्यांची आपसात पिल्लं होतात, आणि त्या पिल्लांना पुढे पिल्लं होतात, त्या सगळ्यांची जात एक. माणसाची जात सेपियन्स. बस.’

वेण्यावालीने हात वर केला, दुसऱ्या हाताने धरला. ‘म्हंजे आपन समदे एकाच जातीचे?’

‘समदे.’

‘पुरा गाव?’

‘पुरा गाव.’

‘अन शेलूबाजार?’

‘शेलूबाजार धरून.’

तिने थोडा विचार केला. ‘मंग लग्न काहून नाई लावत?’

आणि घंटा झाली. तासिकेवर असण्याचा हा एक फायदा. घंटा झाली की उत्तर द्यावं लागत नाही.

त्या दिवसापासून आठवीत माझा प्रवेश नाटकातल्या राजासारखा होऊ लागला. मी दारातूनच विचारायचे, ‘माणसाची जात कोणती?’ आणि वर्ग एका आवाजात म्हणायचा, ‘सेपियन्स.’ शेजारच्या वर्गातल्या भूगोलाच्या मॅडम भिंतीवर डस्टर आपटायच्या. मला काय आनंद व्हायचा म्हणून सांगू. वडिलांनी आम्हाला उत्तर टाळायला शिकवलं होतं. मी पोरांना उत्तर द्यायला शिकवत होते, आणि तेही पुस्तकातलं, परीक्षेत एका गुणाला येणारं.

मग अध्यक्ष आले.

अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणतात. ओलिताची भरपूर जमीन, शेलूबाजारात दुकानं, येत्या निवडणुकीवर डोळा, पांढरा कडक शर्ट, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवण्याची सवय. कोणाच्या ठेवायचा आणि कोणाच्या नाही, हे हाताला आपोआप समजतं. त्या दिवशी शाळेत पाणी शुद्ध करायच्या मशीनचं उद्घाटन होतं. आमच्याकडे त्याला सगळे ‘आरो’ म्हणतात. फीत कापून झाली, पहिला गिलास भाऊंचा पिऊन झाला, आणि मग त्यांना वाटलं की विद्यार्थ्यांशी संवादही करावा. त्यांच्यासोबत मोबाइलवर सगळं टिपणारा एक माणूस असतो. तो पुढे, मुख्याध्यापक मागे, असे ते आठवीत शिरले. मी फळ्यापाशी उभी होते. फळ्यावर ती उतरंड होती.

‘काय चालू हाय?’ भाऊंनी विचारलं.

‘वर्गीकरन, भाऊ,’ मुख्याध्यापक म्हणाले.

‘हा, वर्गीकरन पायजेच,’ भाऊ म्हणाले आणि मोबाइलकडे तोंड करून उभे राहिले. ‘माह्या शाळेत समद्या जातीचे लेकरं एका बाकावर बसतात. आपल्याइथे काईच भेदभाव नाई. इचारा कोनालेबी.’ आणि तो भेदभाव नसल्याचा पुरावा द्यायला त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीकडे बोट केलं. ‘उभी राय व पोरी. तुही जात कोन्ती, सांग. लाजू नोको.’

आता तुम्ही त्या मुलीच्या जागी उभं राहून पाहा. वर्ग विज्ञानाचा, तास माझा, फळ्यावर जाती लिहिलेली, समोर तपासणीला आल्यासारखा माणूस. तिला वाटलं, प्रश्न पुस्तकातला आहे. ती ताठ उभी राहिली, हात दोन्ही बाजूंना चिकटवले आणि म्हणाली, ‘सेपियन्स.’

‘काय?’

‘सेपियन्स,’ ती जरा मोठ्याने म्हणाली. म्हाताऱ्या माणसाला ऐकू कमी येत असेल, अशा समजुतीने.

भाऊ मुख्याध्यापकांकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खरीखुरी चौकशी होती. मतदारसंघात आपल्याला माहीत नसलेला एक समाज राहतो आणि आपण त्यांच्याकडे कधी गेलो नाही, याची चिंता होती. ‘हे कोन्ती जात निघाली गा सर? ओबीसीत येते का? किती घरं हायेत आपल्या गावात?’

मुख्याध्यापक म्हणाले, ‘भाऊ, थे… पुरा गावच.’

वर्गात हशा फुटला. टोळ बाकाखाली गेला. आणि मी हसले. मी तोंडावर खडूचा हात धरला होता, पण मोबाइलमध्ये मी स्पष्ट दिसते, नाकाला खडू लागलेली आणि खांदे हलत असलेली.

आपण फसलो हे भाऊंच्या लक्षात आलं, पण कशात फसलो ते लक्षात आलं नाही. अशा वेळी आमच्याकडचा माणूस आपल्या ठेवणीतल्या प्रश्नाकडे वळतो.

‘कोनाची व तू?’

मुलीने बापाचं नाव सांगितलं.

भाऊंचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला. मुलगी त्यांच्या चुलतभावाची होती. भाऊकीतली. त्यांच्याच जातीची, त्यांच्याच पंगतीतली. गणवेशात ओळखली नव्हती एवढंच. दुसऱ्या टोकाच्या पोरीने हे उत्तर दिलं असतं तर ते आगाऊपणात जमा झालं असतं आणि कदाचित विसरलंही गेलं असतं. पण इथे घरच्याच पोरीला जात विचारली होती, आणि तिने भलतीच सांगितली होती.

‘हे कोनं शिकवलं तुले?’

‘मॅडमनं,’ ती म्हणाली, आणि बक्षीस मिळालेल्या कपाकडे दाखवावं तसं माझ्याकडे बोट दाखवलं. इतक्या अभिमानाने आजवर कोणी माझ्याकडे बोट दाखवलेलं नाही. जून यायला अजून अवकाश होता, पण माझा जून तिथेच येऊन गेला.

मोबाइलवाल्या माणसाने न पाहताच ते सगळं ग्रुपवर टाकून दिलं. खाली लिहिलं, ‘भाऊंचा विद्यार्थ्यांशी मनमोकळा संवाद’. संध्याकाळपर्यंत ते गावोगावच्या ग्रुपवर फिरलं. दुसऱ्या दिवशी जीपचा ड्रायव्हर मला म्हणाला, ‘या सेपियन मॅडम, समोर बसा.’ पुढची सीट मला त्या आधी कधी मिळाली नव्हती. मंगरूळपीरच्या स्टँडवर भजी तळणाऱ्याने विचारलं, ‘मॅडम, आमी बी सेपियनच का?’ मी म्हणाले, ‘भजी ताजे असन तर.’ आठवडाभर मी त्या भागाची नटी होते. घरी नवरा मात्र हसला नाही. तो एवढंच म्हणाला, ‘जागा गेली पाह्य.’

‘विज्ञानाला कोण काय म्हणेल?’ मी म्हणाले.

‘विज्ञानाले नाई म्हननार,’ तो म्हणाला.

मुख्याध्यापकांनी बोलावलं. चहा मागवला. तासिकेवरच्या माणसासाठी चहा मागवला की समजावं. ‘मॅडम, तुमी शिकवता चांगलं. पन थो शब्द काहून वापरला?’

‘सर, पुस्तकात आहे.’

‘पुस्तकात लय काई रायते. सारंच शिकवा लागते का? तुमी एक करा, भाऊले भेटून घ्या. मानूस मोठ्या मनाचा हाय.’

मी भेटायला गेले. ओसरीवर खुर्च्या होत्या. मला बसायला दिली, हे नमूद करते, नाहीतर अन्याय होईल. भाऊंच्या घरची सून चहा घेऊन आली. काचेचे पेले होते. माझाच पेला तेवढा कागदाचा होता, आणि त्यावर फुलं छापलेली होती.

‘मॅडम, आमचा राग नाई,’ भाऊ म्हणाले. ‘मी सोता भाषनात सांगतो, जात नसावी. पन असं हाय का, तुमी तुमच्या पोराईले काईबी शिकवा. आमच्या पोरीले काहून शिकवता?’

‘भाऊ, एकाच वर्गात बसतात.’

‘थेच तं सांगून राह्यलो. तुमाले सांभाळून शिकवा लागते.’

मी विषय काढला. जागेचं काय?

‘जागा खुल्याची निघाली,’ ते म्हणाले. ‘तुमच्यातली निघाली का पयले तुमाले सांगतो. शब्द हाय आपला.’

आता मी मराठी शाळेत शिकलेली बाई. खुली म्हणजे सगळ्यांसाठी उघडी, असं मला शिकवलेलं. कायद्यातही तसंच आहे. मी तसं म्हणालेही. भाऊ हसले, आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला म्हणाले, ‘मॅडम लय हुशार हायेत.’

मुलाखत मात्र झाली. रीतसर झाली. टेबलापलीकडे चौघे बसले होते. मी प्रकाशसंश्लेषणाचा तक्ता नेला होता, वर्गीकरणाचा मुद्दाम घरी ठेवला होता. त्यांनी एकच प्रश्न विचारला. ‘मॅडम, जानं-येनं कशानं करता?’

‘जीपने.’

‘बरं. या मंग.’

जागा भाऊंच्या पुतणीला मिळाली. गोष्ट सांगताना इथे तिला दुष्ट करायला मला फार सोपं जाईल, पण ती तशी नाही. शिकलेली आहे, वेळेवर येते, पोरांवर हात उचलत नाही. पहिल्याच महिन्यात ती माझ्याकडे आली. ‘मॅडम, ते जाती कसं घ्यायचं हो? मले भीतीच वाटते.’

‘जिन्यावर घ्या,’ मी म्हणाले.

ती हसली, आणि तिने ते तिच्या पद्धतीने घेतलं. मी व्हरांड्यातून ऐकत होते. ‘सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती,’ ती म्हणाली, ‘आणि सर्वात खाली स्पीशीज. स्पीशीज लिहा. पेपरात स्पीशीजच येणार.’ पोरांनी स्पीशीज लिहिलं. सहा पायऱ्या मराठीत आणि शेवटची इंग्रजीत. कुणीही प्रश्न विचारला नाही. स्पीशीजमध्ये कोणाचं लग्न अडत नाही.

विज्ञान माझ्याकडून गेलं. मला जलसुरक्षा दिली. नववी-दहावीला तो विषय असतो, त्याला श्रेणी असते, गुण नसतात. मग पाण्याच्या मशीनकडेही मीच बघावं असं ठरलं, कारण विषय जवळचा. मधल्या सुट्टीत मी आरोशेजारी उभी राहून रांग लावते. माणसाची जात शिकवणारी बाई पाण्यापाशी पोरांची रांग लावते आहे, हे माझ्या आजोबांना सांगितलं असतं तर ते फार वेळ हसले असते, आणि मग अजिबात हसले नसते. मी शाळा सोडली का नाही, असं बहीण विचारते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर दुसरीकडे तासिका मागायला जायचं, तर तिथेही ‘कोनाच्या?’ पासून सुरुवात. इथे निदान ते विचारून झालेलं आहे.

आणि खरं सांगायचं तर मी स्वतःची एक समजूत घालून ठेवली होती. जागा गेली ती गेली, पण तिच्या बदल्यात एक उत्तर मिळालं. सगळ्या गावासमोर एका पोरीने दिलेलं, बरोबर उत्तर. एवढ्या किमतीचं उत्तर फार शिक्षकांच्या वाट्याला येत नाही.

पुढच्या सव्वीस जानेवारीला झेंडा झाला. व्यासपीठावर भाऊ आणि वाशीमहून आलेले एक पाहुणे बसले होते. भाऊ बोलायला उभे राहिले. ‘आमच्या शाळेचे संस्कार काय हायेत, थे सांगतो,’ ते म्हणाले, आणि माझा किस्सा सुरू झाला. मी खुर्चीत सावरून बसले. किस्सा त्यांनी छान घोटून घेतला होता. त्यांच्या गोष्टीत प्रश्न विचारणारा कोणी तालुक्याचा साहेब होता. साहेबाला उत्तर समजलंच नाही. ‘मंग मी साहेबाले समजावून सांगतलं,’ भाऊ म्हणाले, ‘साहेब, हे विज्ञान हाय. मानसाची एकच जात रायते.’ त्यात मी कुठेच नव्हते. विराम मात्र त्यांनी अगदी माझ्या जागी घेतला होता. मी बारा गावच्या गोष्टी सांगणारी बाई, मला ते कळतं. टाळ्या कडाडल्या. पाहुण्यांनी मान डोलावली. मीही टाळ्या वाजवल्या. चांगल्या नटाला दाद द्यावी, मग त्याने आपलंच पात्र खाल्लेलं असलं तरी.

‘थे पोरगी आमच्या घरचीच हाय,’ भाऊ म्हणाले. ‘ये व इकडे. सांग पाहुन्याइले.’

ती नववीच्या रांगेतून उठली. उंची वाढली होती. वेण्या जाऊन एकच शेपटा आला होता. ती व्यासपीठावर चढली आणि भाऊंनी माईक तिच्या तोंडाशी धरला.

‘सांग बेटा. तुही जात कोन्ती?’

मी खुर्चीच्या कडेवर आले होते. माझ्या बाजूने आठवीतला जुना वर्ग, आता नववीतला, कुजबुजू लागला होता. सगळ्यांना उत्तर पाठ होतं. टोळ तर ओठ हलवून दाखवत होता.

तिने माईककडे पाहिलं. मग खाली, बायकांच्या बाजूला, जिथे तिची आई बसली होती तिकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

‘आपलीच, मोठेबाबा,’ ती म्हणाली.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग भाऊ खदखदून हसले, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मघापेक्षा मोठ्या टाळ्या पडल्या. पाहुणेही हसले. त्यांना वाटलं, हाच विनोद असावा.

कार्यक्रम संपला. जिलेबी वाटली गेली. तोंडं गोड झालेली पोरं पाण्याच्या मशीनवर तुटून पडली आणि मी माझ्या विषयाला लागले. ‘एकेक, एकेक,’ म्हणून रांग लावली. तिची पाळी आली तेव्हा तिने बाटली नळाखाली धरली आणि बाटलीकडेच बघत हळूच म्हणाली, ‘मॅडम, मले येत होतं.’

‘मला माहीत आहे.’

‘मांगच्या बारीले आईनं लय मारलं होतं. म्हने, बापाचं नाव बुडवलं.’

मागे रांग खोळंबली होती. कोणीतरी म्हणालं, ‘सरक ना व, पानी पिऊ दे.’ तिची बाटली केव्हाच भरली होती आणि पाणी तिच्या मनगटावरून, नव्या गणवेशाच्या बाहीवरून खाली वाहत होतं.

‘नळ बंद कर,’ मी म्हणाले. ‘वाया चाललंय.’